मणका बसवला की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४३. घरची पाच एकर कोरडवाहू, कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. घरात नवरा, सासू आणि बारावी झालेली मुलगी. तीन वर्षांपासून कंबर दुखते. सकाळी उठताना धरते, वाकून काम केलं की वाढते, आडवं झालं की कमी होते. कधी दुखणं कुल्ल्यापर्यंत जातं, पण गुडघ्याच्या खाली नाही. गेल्या वर्षी यवतमाळला एमआरआय काढला, त्यात ‘एल-४, एल-५ मध्ये डिस्क बल्ज’, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली, असं आलं. ‘गॅप आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही’ असं सांगून पट्टा दिला. त्यानंतर शेजारच्या गावातले मणके बसवणारे एक बाबा सापडले. ते पालथं झोपवून दाबतात, कट असा आवाज येतो, दोनशे रुपये घेतात. चार दिवस छान जातात, मग पुन्हा पहिल्यासारखं. बाबा म्हणतात, “तुमचा मणका घडीघडी सरकते, दर हप्त्याले यावंच लागन.” तालुक्याला आता एक फिजिओथेरपिस्ट आले आहेत. ते हाताचे उपचार, मशीनचा शेक आणि वजन लावून खेचणी अशा दहा बैठका सांगतात, एकीचे चारशे. नवऱ्याचं म्हणणं, “चार हजार घालूनही तेच होनार हाय, त्यापेक्षा बाबाकडेच जात जाय.” वेचणी तोंडावर आली आहे, मजूर मिळत नाही, मुलीच्या नर्सिंगच्या फीची जुळवाजुळव चालू आहे. ताई विचारतात, “मणका कोणाकडून बसवून घेऊ म्हणजे पुन्हा सरकणार नाही? आणि यंदा वेचणीला जाऊ की नको?”

ताई, नमस्कार.

मणका कायमचा कोण बसवून देईल, याचं सरळ उत्तर कोणीच नाही असं आहे. कारण तुम्ही उतरवून पाठवलेल्या रिपोर्टवरून आणि दुखण्याच्या वर्णनावरून तुमचा मणका जागचा हललेलाच दिसत नाही. हे वाचून कदाचित राग येईल. तीन वर्षं आपण सोसतोय आणि ही बाई म्हणते काही सरकलं नाही! तुमचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती दुखण्याचं जे कारण तुमच्या डोक्यात भरवलं गेलं त्याबद्दल.

कंबरेचे मणके जाड, चिवट पट्ट्यांनी, मधल्या चकत्यांनी आणि दोन्ही बाजूंच्या स्नायूंनी एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. निंदताना किंवा गाठोडं उचलताना ते जागा सोडत नाहीत. काही जणांचा एक मणका खालच्या मणक्यावर थोडा पुढे घसरलेला असतो हे खरं, पण तो एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतो आणि हाताने दाबून मागे जात नाही. अशा मणक्यावर जोराचा झटका देऊच नये. तुमच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. राहिला तो कट आवाज. सांध्याला ताण बसला की आतल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणजे मणका बसला आणि नाही आला म्हणजे राहिला, असं काही नसतं.

मग चार दिवस बरं का वाटतं? कारण हाताच्या उपचाराला खरोखर गुण आहे. जाणत्या हाताचा दाब पडला की तिथल्या नसांतून मेंदूकडे वेगळे संदेश जातात आणि दुखण्याची तीव्रता काही काळ उतरते. कंबर वाचवण्यासाठी आखडून बसलेले स्नायू सैल होतात, वाकणं मोकळं होतं. शिवाय कोणीतरी आपलं ऐकून घेतं, दुखतं तिथं नेमका हात ठेवतं, यानेही शरीर निवतं. हा आराम खोटा नाही. फक्त तो काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. जुनाट कंबरदुखीवर जगभर झालेल्या अभ्यासांतून हेच पुढे आलं आहे की हाताने मणके मोकळे करण्याचा गुण चांगल्या व्यायामाच्या तोडीचा येतो, त्याहून फार जास्त नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण मला सगळं उत्तर तिच्यातच दिसतं. तुम्ही लिहिता, “बाबाकडून आलं की चार दिवस अंग हलकं राहते, तेवढ्यात मी साचलेलं सगळं काम उरकून घेते.” पुढे कामंही सांगितली आहेत. गोधड्या धुतल्या, घर सारवलं, तुरीत दिवसभर निंदण केलं, गव्हाचं पोतं ओढून आत घेतलं. ताई, पाचव्या दिवशी मणका सरकत नाही हो. आठ-दहा दिवस निजून-बसून सुस्तावलेल्या पाठीवर तुम्ही पंधरवड्याचं काम चार दिवसांत टाकता, आणि ती पाचव्या दिवशी बंड करते. मग पुन्हा पट्टा, पुन्हा खाट, पुन्हा दोनशे रुपये. दर फेरीला पाठ थोडी अजून कमजोर होते आणि मनातली भीती थोडी अजून वाढते.

म्हणून कोणाचा हात चांगला हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा. पहिला प्रश्न असा की त्या हाताने दिलेले चार दिवस तुम्ही कशाला वापरता. ते पाठीला बळ द्यायला वापरले तर फिजिओच्या मोजक्या बैठकाही पुरतील. काम उरकायला वापरले तर कोणाच्याही शंभर बैठका पुरणार नाहीत.

डिस्क बल्जची भीतीही मनातून काढायला हवी. ज्यांची कंबर कधीच दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय तपासले गेले आहेत. चाळिशीतल्या निम्म्या लोकांमध्ये डिस्क बल्ज सापडतो आणि ६८ टक्क्यांमध्ये चकतीची झीज दिसते. ऐंशीच्या घरात झीज ९६ टक्क्यांपर्यंत जाते. डोक्याचे केस पांढरे होतात तशा चकत्याही वयाने बदलतात. तुमच्या रिपोर्टमधली ती ओळ तुमच्या वयाच्या निम्म्या बायांच्या रिपोर्टमध्ये निघेल, आणि त्यातल्या कितीतरी आत्ता बिनदिक्कत धुणं धूत असतील. ‘गॅप’ ऐकलं की माणसाला वाटतं मणक्यात फट पडली, आता पाय ठेवला की कोसळणार. तसं काही झालेलं नाही.

बारा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. इतक्या काळात पहिली लचक किंवा ताण बहुधा भरून आलेला असतो, पण नसांची आणि मेंदूची राखण मात्र हळवी होऊन बसते. रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावतात ना, तिच्या तारेला वाऱ्याने गवताचं पातं लागलं तरी भोंगा वाजावा, तसं हे. भोंगा खरा असतो, झोप खरीच मोडते, पण दर वेळी पिकात डुक्कर शिरलेलं नसतं. झोप अपुरी असली, फीची चिंता असली, भाव पडले असले की हा भोंगा जास्त वाजतो. याला मनाचं दुखणं म्हणत नाहीत. तुमच्या घरी कोणी तसं म्हणत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

‘वाकू नका, उचलू नका’ हा सल्ला मला पटत नाही, आणि तो तुम्हाला कायमचा म्हणून दिला गेला याचं वाईट वाटतं. दुखणं उसळलेलं असताना चार दिवस जपणं वेगळं. पाच एकराच्या मालकिणीला जन्मभर वाकू नका सांगणं म्हणजे तिला शेताबाहेर काढणं. पाठ वाकण्यासाठीच घडलेली आहे. तिला सवय मोडली की जड जातं, सवय लावली की झेपतं. पट्ट्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याबद्दल नीट माहिती, हाताने मणके मोकळे करणं आणि मालिश यांना जागा दिली आहे, तीही एकमेकांच्या जोडीने. कंबरेचे पट्टे, वजन लावून खेचणी, अल्ट्रासाऊंडचा शेक आणि करंटचं मशीन मात्र नेहमीच्या उपचारात वापरू नका असं म्हटलं आहे.

म्हणजे तालुक्याच्या फिजिओकडे जायचं ठरवलंत तर एक गोष्ट धीटपणे बोला, “मला खेचणी आणि मशीन नको, हाताचा उपचार आणि व्यायाम पाहिजे. दहा बैठकांचे पैसे एकदम देणार नाही, आधी चार बैठका करू.” चांगला फिजिओ याने रागावत नाही.

चांगला कसा ओळखायचा? पदवी बीपीटी किंवा त्यापुढची असावी, राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी असावी. तो पहिल्या भेटीत लगेच हात लावत नाही. आधी बसवून विचारतो, कधीपासून, कशाने वाढतं, रात्री झोपेतून उठवतं का, लघवीला काही त्रास आहे का. मग टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतो, पायाची ताकद आणि स्पर्श बघतो, गुडघ्यावर हातोडीने टिचकी मारतो. वाकायला सांगून बोटं कुठवर पोचतात ते पाहून ठेवतो. त्यानंतर पालथं झोपवतो, पोटाखाली पातळ उशी. अंगठे किंवा तळहाताची कडा एकेका मणक्यावर ठेवून सेकंदाला दोन-तीन अशा लयीत हलके दाब देतो, अर्धा-एक मिनिट, मग थोडं थांबून पुन्हा. आधी अगदी वरवर, तुमचं शरीर होकार देत गेलं की थोडं खोल. ही पद्धत ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड यांनी बसवली आणि आपल्याकडच्या फिजिओंना ती शिकवली जाते. यात आवाज येत नाही, झटका नसतो, तरी गुण येतो. उपचार झाल्यावर तो पुन्हा वाकायला सांगतो आणि फरक पडला का हे तुमच्यासमोर तपासतो. शेवटी व्यायाम करून दाखवतो आणि तुमच्याकडून करून घेतो. हे शेवटचं नसेल तर तो उपचार अर्धाच आहे. बाईमाणसाने पडदा आणि सोबतीला बाई मागायला बिलकूल संकोचू नये. कपडे किती सैल करायचे ते तुम्ही ठरवायचं. आणि ‘थांबा’ म्हटलं की हात थांबलाच पाहिजे.

चार बैठकांत वाकणं, झोप, चालणं यांपैकी कशातच फरक नसेल तर त्याच गोष्टीच्या आणखी सहा बैठका घेऊ नका. फरक असेल तर दोन बैठकांमधलं अंतर वाढवत न्या आणि सहा-आठ बैठकांत हातावरून उतरा.

तुमच्या यजमानांच्या हिशेबाबद्दल. आठवड्याला दोनशे म्हणजे वर्षाला दहा हजारांवर, ऑटोभाडं आणि बुडलेली मजुरी वेगळीच. आणि ‘दर हप्त्याले यावंच लागन’ असं म्हणणारा उपचार कधी संपतच नाही. त्यांची शंका मला रास्त वाटते, कारण नुसती झोपून उपचार घेण्याची बैठक असेल तर चार हजार घालूनही तेच होईल हे खरं आहे. बाबांना मी वाईट म्हणणार नाही. गावात दुसरं कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी तुम्हाला आराम दिला. पण ते पायाची ताकद तपासत नाहीत, हाडं ठिसूळ आहेत का विचारत नाहीत, आणि सगळ्यांना एकच झटका देतात. तुमच्या सासूबाईंना त्यांच्याकडे मुळीच नेऊ नका. पाळी गेल्यानंतर बायांची हाडं विरळ होतात आणि जोराच्या दाबाने मणका पिचू शकतो. उसण भरली म्हणून पायाळूकडून पाठीवर लाथ घेणं, पोरांना पाठीवर उभं करणं, बिब्बा लावणं हेही नको. बिब्ब्याने भाजून आलेले फोड फार दिवस भरत नाहीत.

पैशाची ओढ आहेच, तर आधी सरकारी दार ठोठावून पाहा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तुमच्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओ कोणत्या वारी बसतात, ते आशाताईंकडून विचारून घ्या. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे इथल्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. दूर पडत असेल तर एकदा जाऊन तपासणी आणि व्यायाम शिकून या, रोज जायची गरज नाही.

आता ते चार दिवस. उपचाराच्या दिवशी संध्याकाळी दहा मिनिटं चाला, गावाच्या शिवेपर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवसापासून सतरंजीवर पाठीवर पडून गुडघे दुमडा, कंबरेखालची पोकळी हळूच जमिनीला टेकवा आणि सोडा, दहादा. मग तशाच अवस्थेत कुल्ले वर उचला, पाच आकडे मोजा, खाली या, आठ-दहा वेळा. मग हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर फुगवायची, खाली सोडायची. खाटेच्या कडेवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहादा. हे सगळं पंधरा मिनिटांत होतं. मुलीला जोडीला घ्या, नर्सिंगला जाणार आहे ना ती.

सगळ्यात महत्त्वाचा सराव वाकण्याचा आहे, त्याला थोडी नजर लागते. सरळ काठी पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागे, एक कंबरेमागे. काठी डोक्याला, पाठीच्या मध्याला आणि माकडहाडाला अशी तीन जागी टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे किंचित सैल, आणि कुल्ले मागे नेत वाका, जणू मागे दार ढकलायचं आहे. पहिल्यांदा काठी सुटेल. आठ-दहा दिवसांत जमेल. मग काठी सोडून रिकामं घमेलं उचला, नंतर त्यात दोन किलो, मग पाच. एकदा हे अंगवळणी पडलं की पाठ गोल करून वाकण्याचीही भीती राहत नाही, तेही हळूहळू सुरू करायचं.

व्यायाम करताना थोडं दुखेल. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. त्याहून जास्त वेळ टिकलं तर आकडा निम्मा करा, बंद करू नका. बळ यायला दोन-तीन महिने लागतात. मधे एकदा-दोनदा जोरात धरेलही. तेव्हा शेक घ्या, दोन दिवस हलकं काम करा, पण दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालत राहा. गावातल्या दवाखान्यातलं दुखण्याचं इंजेक्शन आणि महिना महिना चालणाऱ्या गोळ्या टाळा. उपाशीपोटी घेतलेल्या त्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात.

वेचणीला जा की नको? माझं मत, जा. पण वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा झाली त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत असं नाही. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच तास, मग दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास वाढवा. बऱ्या दिवशी जेवढं झेपतं त्याच्या निम्म्याने सुरुवात, आणि अंग हलकं वाटलं म्हणून त्या दिवशी जास्त नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड आहे, शेजारीण पुढच्या ओळीत गेलेली दिसते तेव्हा तर फारच. वरची बोंडं उभ्याने वेचा, खालच्या फांद्यांची एक गुडघा टेकून किंवा उकिडवं बसून. अर्धवट वाकून तासभर राहणं पाठीला सर्वात जड जातं. कापसाची ओटी चार-पाच किलोची झाली की रिकामी करा. ती पुढे लोंबकळत राहिली की पाठीचे स्नायू दिवसभर तिला मागे ओढत राहतात. जमल्यास तिला खांद्यावरून पट्टा लावून घ्या. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभं राहून हात कंबरेवर ठेवून पाचदा मागे झुका. भरलेलं गाठोडं डोक्यावर चढवायला दोघं लागतील, हे यजमानांशी आत्ताच बोलून ठेवा. त्यांना उपकार म्हणून मागू नका. घरात पाणी भरणं आणि पोती हलवणं ही दोन कामं या हंगामापुरती ज्यांची पाठ ठीक आहे त्यांनी घ्यावी, इतकाच हिशेब आहे.

आणि एक खास सकाळचं. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून पहाटे पाठ ताठ असते आणि खोल वाकणं तिला सर्वात जास्त बोचतं. आणि आपल्या बाया उठल्याबरोबर काय करतात? आखूड झाडू घेऊन अख्खं अंगण वाकून झाडतात, मग सडा. उठल्यानंतरचे पहिले दोन तास खोल वाकणं टाळलं तर जुनाट कंबरदुखी कमी होते, असं अभ्यासात दिसलेलं आहे. आधी चहा ठेवा, थोडं चाला, गाई-म्हशींचं उभ्याने होईल ते करा. अंगण नंतर झाडा, आणि खराट्याला छातीपर्यंत येईल असा बांबूचा दांडा बांधून घ्या. सासूबाई काही म्हणाल्या तर दांड्याचा झाडू त्यांनाही सोसेल.

मी हे सगळं तुमचं दुखणं हालचालीशी बांधलेलं, कामाने वाढणारं आणि विसाव्याने उतरणारं आहे असं धरून लिहिलं. बहुतेकांची कंबरदुखी अशीच असते. पण काही खुणा दिसल्या तर बाबा नाही, फिजिओही नाही, आधी डॉक्टर. लघवी अडणं किंवा कळत नसताना होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधली बसण्याची जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी १०८ बोलवा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि कोणत्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो, आपल्याकडे तो आहे. पूर्वी कधी कर्करोग झालेला असणं किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू होणं हेही डॉक्टरांना सांगायचं. विशीतल्या मुलाची पाठ पहाटे अर्धा-एक तास ताठ राहते आणि हालचालीने सुटते, तेव्हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो.

विदर्भात आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार इथे घरोघर ऐकू येतो. अंग, पाठ, हाडं ठणकण्याचे झटके येत असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्या. मुलीची झाली नसेल तर तिचीही, लग्नाआधी ती व्हायलाच हवी. दुसरं पाण्याचं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तुमच्या पांढरकवडा-झरी भागातही. वर्षानुवर्षं ते पिऊन पाठ, मान, सांधे सगळंच आखडत जातं. घरातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर ग्रामपंचायतीला पाण्याची तपासणी करायला सांगा. असं दुखणं हाताने दाबून जात नाही.

तुम्ही शेवटी लाजत लिहिलंत की अंगावरून पांढरं जातं म्हणून तर कंबर दुखत नसेल, की मुलीच्या वेळी पाठीत भुलीची सुई दिली म्हणून. सुईचं उत्तर सोपं आहे. त्या सुईने वर्षानुवर्षं टिकणारी कंबरदुखी होते असं अभ्यासांत सापडलेलं नाही. पांढऱ्या जाण्याचा उपचार मात्र वेगळा आणि जरूर करा. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या बायांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि फारच थोड्या दवाखान्यात पोचल्या होत्या. दुखणं पाळीबरोबर कमी-जास्त होत असेल, ओटीपोटही दुखत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

हे वाचणाऱ्या भंडारा-गोंदियाकडच्या बायांनी वेचणीच्या जागी भाताची रोवणी घालून वाचावं. चिखलात गुडघा टेकता येत नाही, तिथे दर बांधाला उभं राहून मागे झुकणं हाच विसावा. फवारणी करणाऱ्या भावांनी सोळा लिटरचा पंप निम्माच भरावा आणि ओट्यावर ठेवून पाठीवर घ्यावा, जमिनीवरून वळत उचलू नये.

ताई, फिजिओकडे पहिल्यांदा जाताना एमआरआयची फिल्म, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि एक वही न्या. वहीत आधीच लिहून ठेवा की तुम्हाला परत काय करता यायला हवं आहे. ‘दुखणं जावं’ एवढंच नको. ‘दिवाळीनंतर सलग चार तास वेचणी’ किंवा ‘पाण्याची घागर विहिरीपासून घरापर्यंत’ असं लिहा, म्हणजे त्यांनाही व्यायाम त्या कामाच्या मापाने बसवता येतील. आणि चौथ्या बैठकीनंतर काय फरक पडला ते मला कळवा. दुखणं तसंच असेल तरी कळवा, मग पुढचं पाहू.